घरघर

मराठीत ‘घरघर लागणे’ म्हणजे शेवट जवळ येणे. माझ्या संगणकाला मात्र आणल्या दिवसापासून घरघर आहे आणि त्याची प्रकृती ठणठणीत आहे. आतली हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. पेटीच्या भाषेत सांगायचे तर मंद्रातली काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध पडणारा सूर. दिवसा कोलकात्याच्या रस्त्यावरच्या गोंगाटात तो बुडून जातो. पण मी अनुवाद करते रात्री, आणि प्रत्येक परिच्छेद मोठ्याने वाचून पाहते.

सध्याच्या बांगला कादंबरीत निवेदक पुरुष आहे की स्त्री, हे बराच काळ कळत नाही. बांगलाला त्यासाठी काही करावे लागत नाही. तिथे क्रियापदाला लिंग नाही, आणि ‘तो’ व ‘ती’ या दोघांनाही एकच सर्वनाम पुरते. मराठीत ‘मी गेले’ किंवा ‘मी गेलो’ म्हटले की गुपित फुटले. पळवाटा आहेत. ‘मी पत्र लिहिलं’ चालते, कारण क्रियापद पत्राच्या मागे जाते. ‘मला वाटलं’, ‘मला निघावं लागलं’ हेही चालते. पण अशी दहा वाक्ये सलग आली की भाषा अवघडते. कुठे अवघडली, ते डोळ्यांना नाही, कानाला कळते.

आणि कान तर त्या घरघरीने भरलेला. फ्रेंच कानतज्ज्ञ एत्येन लाँबार यांनी १९११ मध्ये दाखवून दिले की भोवती आवाज असला की माणूस नकळत आवाज चढवून बोलतो. रात्री एक वाजता, एकटीच असताना, मीही चढ्या आवाजात वाचत होते. हेडफोनचा उपाय नाही. कान झाकले की स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो.

आयबीएमने पहिली हार्ड डिस्क १९५६ मध्ये आणली. त्याच वर्षी बुद्धदेव बसूंनी जादवपूरला तुलनात्मक साहित्याचा विभाग सुरू केला. त्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. असले धूड शेजारी ठेवून कादंबरी वाचायची वेळ कुणावर आली नसेल. तबकड्या आक्रसत टेबलावर आल्या आणि त्यांचा आवाज लिहिणाऱ्याच्या वाट्याला आला.

उघडून पाहिले तेव्हा कळले की डिस्क स्वतः फार आवाज करत नाही. तिची थरथर चार स्क्रूंवाटे पत्र्यात जाते, पत्र्यातून टेबलाच्या फळीत, आणि फळी तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखी ती वाढवते. म्हणून आधी डबा टेबलावरून खाली, दुमडलेल्या जुन्या गोधडीवर ठेवला. बाजूच्या हवेच्या जाळ्या मोकळ्या राहतील एवढे पाहिले. निम्मी घरघर तिथेच गेली. मग स्क्रू काढले. सीडी ड्राइव्ह काढून रिकामा झालेला सव्वापाच इंची खण होता. शिवणाच्या दुकानातले रुंद इलॅस्टिक त्यात आडवे ताणून डिस्क मधोमध अधांतरी टांगली. पत्र्याला कुठे टेकू द्यायची नाही. स्पंजात गुंडाळायचा मोह टाळायचा, कारण तिला वारा लागतो. उष्णतेने इलॅस्टिक सैलावते, ते अधूनमधून तपासायचे. आणि डबा हलवायचा झाला तर डिस्क आधी पुन्हा स्क्रूने बसवायची.

त्या रात्री कादंबरीतले एक वाक्य मी दोन्ही तऱ्हांनी वाचले. ‘खिडकीशी बसून राहावंसं वाटलं.’ चढ्या आवाजात ते सबब सांगितल्यासारखे वाटते. सरळ ‘बसले’ म्हणायला काय झाले, असे ऐकणारा विचारील. हळू वाचले तर तोच निवेदकाचा स्वभाव वाटतो, स्वतःकडे कर्तेपण न घेणाऱ्या माणसाचा. मूळ बांगलातला निवेदकही हलक्या आवाजातच बोलतो. पळवाट म्हणून शोधलेल्या रचनेत त्याचे मराठी आधीच तयार होते. पहिली तीन प्रकरणे त्या आवाजात पुन्हा वाचली. काही पळवाटा गेल्या, बऱ्याच राहिल्या.

एक आवाज मी राहू दिला आहे. फाइल साठवताना डिस्कचे डोके इकडून तिकडे सरकते, त्याची कुटकुट. माझ्या जुन्या डिस्कमध्ये हा आवाजही कमी करायची सोय आहे: १२८ ते २५४ असा आकडा निवडायचा. १२८ वर डोके सावकाश, शांतपणे सरकते. २५४ वर झपाट्याने, खडखडत. मी तो आकडा २५४ वरच ठेवला आहे. मसुद्यांच्या प्रती दुसरीकडे आहेतच. तरी ही कुटकुट रोजच्यासारखी आहे ना, हे ऐकता आले पाहिजे. एकाच ठेक्यात पुन्हा पुन्हा तीच टकटक येऊ लागली, तर ती मराठी अर्थाची घरघर असेल.