अक्कीपेठ

पुण्यास बदली मिळावी म्हणून लिहिलेला अर्ज खिशात घालून आम्ही अक्कीपेठेत तांदूळ घ्यावयास गेलो. पुण्यातील पेठा बहुधा वारांच्या. केंपेगौडाने १५३७ साली वसविलेल्या बेंगळूरच्या पेठा मालाच्या. अक्की म्हणजे तांदूळ, अरळे म्हणजे कापूस. १६३८ साली हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. जयराम पिंड्ये यांचे चंपूकाव्य त्यांच्याच दरबारातले. पुढे १६८७ मध्ये मोगलांनी ते जिंकले आणि तीन लाखांस चिक्कदेवराज वडेयारांच्या स्वाधीन केले. (बदली शहरांचीही होते तर!) दुकानदाराने आमचे मोडके कन्नड शांतपणे ऐकले, एक शब्द दुरुस्त केला आणि तांदूळ मोजून झाल्यावर वर एक मूठ घातली. अर्ज अद्याप खिशातच आहे.