चार दिवसांचे मालवण

मुंबईतल्या मालवणी माणसाला "यंदा गावाला जाणार का?" असे सहज म्हणून विचारू नये. विचारणारा दोन मिनिटांत सुटू अशा भाबड्या समजुतीने विचारतो आणि अर्ध्या तासाने परततो तो तारली आणि पेडवे यांतला फरक, सिंधुदुर्गाच्या तटाची उंची आणि काळ्या वाटाण्याच्या उसळीसाठी खोबरे किती भाजावे, एवढे ज्ञान पदरात घेऊन! मी या नियमाला अपवाद नाही. १९६९ साली अकरावीची परीक्षा देऊन मुंबईत आलो. नोकरी झाली, संसार झाला, पेन्शनही सुरू होऊन जुनी झाली. पण अजून कोणी "तुमचे गाव कोणते?" म्हणून विचारले, तर दादर हे नाव काही केल्या जिभेवर येत नाही.

माझे मालवणातले कार्यक्रम ठरलेले असतात. पहिल्या दिवशी धक्क्यावर जाऊन मासळीचा लिलाव पाहायचा; घ्यायचे काही नसते, नुसते ऐकायचे. एक दिवस होडीत बसून किल्ल्यात जायचे. बाजारातून गूळ आणि आले घातलेला खाजा बांधून घ्यायचा. आणि उरलेला वेळ चिवल्याच्या वाळूत बसून घालवायचा. आमची सौभाग्यवती म्हणते, "हे गावी जात नाहीत, समुद्राची हजेरी घ्यायला जातात!"

गेल्या दिवाळीत मात्र हजेरीबरोबर एक कामही गळ्यात पडले होते. धुरीवाड्यातल्या आमच्या चिऱ्याच्या घरात काकी एकटी राहते. वय एक्याऐंशी. मुलगी लग्न होऊन फोंड्याला. घर आजोबांचे, म्हणजे काकीखेरीज त्यावर आम्हा तिघांची नावे: मी, पुण्याचा माझा धाकटा भाऊ आणि बोरिवलीचा चुलतभाऊ. काकीने कळवले होते, की पुढच्या दोन खोल्या आणि पडवी शेजारच्या सुनेला चालवायला द्यायची आहे. ती बाई पर्यटकांना उतरवून घेणार, जेवू घालणार, मागे दोन नवी न्हाणीघरे बांधणार. त्यासाठी आमच्या सह्या हव्यात. हे ऐकून बोरिवलीकर खवळला. "आपल्या घराचे लॉज?" पुणेकराने त्याची री ओढली. आणि वयाने मोठा म्हणून काकीची समजूत घालण्याचे काम माझ्याकडे आले.

कोकणकन्येने सकाळी कुडाळला उतरलो. आमच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोट असे; मालवणला ती खोल पाण्यात उभी राही आणि अपरात्री, पोटात ढवळत असताना, पडावात उतरावे लागे. पावसाळ्यात तीही बंद. आता रेल्वे आहे, २०२१ पासून चिपीला विमानतळही आहे. पण पडावातून किनाऱ्यावरचे कंदील जवळ येताना पाहण्यात जी धडधड होती, ती कुडाळच्या रिक्षात नाही, एवढे म्हातारपणाच्या हक्काने म्हणून घेतो.

काकी खळ्यात उभी होती. "इलंस? पाय धू आधी," एवढेच म्हणाली. कागदांचा विषय तिनेही काढला नाही आणि मीही काढला नाही.

संध्याकाळी चिवल्यावर गेलो, तर नशिबाने रापण लागली होती. ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी जाळे सोडत समुद्रात जाते आणि मोठा अर्धगोल घेऊन दुसरे टोक किनाऱ्यावर आणते. मग दोन्हीकडे माणसे उभी राहतात आणि पाय वाळूत रोवून जाळे ओढू लागतात. हे काम घटकाभराचे नव्हे. जसजसे जाळे जवळ येते तसतशी दोन्ही टोकांची माणसे एकमेकांकडे सरकतात, पाण्यावर मासळीची सळसळ दिसू लागते आणि वर घारींची गर्दी होते. पूर्वीपासूनची रीत अशी, की दोराला हात लावील त्याला मूठभर मासळी मिळायची. मी हात लावला. पुढच्या तरुणाने मागे वळून पाहिले, माझ्या पांढऱ्या केसांना मान देऊन थोडी जागा करून दिली आणि पुढे माझ्या वाट्याचेही तोच ओढत होता, हे मला कळत होते!

जाळे आले ते निम्मे रिकामे. थोडे बांगडे, थोडी तारली, बाकी बारीकसारीक. एक म्हातारा रापणकार जाळ्यातले शेवाळ काढत बोलत होता. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवर राज्य सरकारने २०१६ साली निर्बंध आणले. दिव्यांच्या झोतात मासळी गोळा करून पकडण्यावर केंद्राने २०१७ साली बंदी घातली. कागदावर सगळे आहे. "पण रात्री हयसून बघशात, तर भायर दर्यात शहर वसल्यासारखा दिसता," तो म्हणाला. त्याचे दोन्ही मुलगे पर्यटकांना समुद्राखालची प्रवाळे दाखवायला नेतात. "त्यांचा बरा चल्लाहा," असे तो म्हणाला, आणि त्या म्हणण्यात तक्रार होती की समाधान, ते मला नीटसे उमगले नाही. मला चार बांगडे मिळाले. काकीने त्यांचे तिरफळ घालून तिखले केले. मुंबईत तिरफळ मिळते, बांगडाही मिळतो. पण ते दोन एकत्र आले की काय होते ते काकीलाच माहीत.

दुसऱ्या दिवशी चावदिस. नरकचतुर्दशीला आमच्याकडे हेच नाव. पहाटे न्हाऊन तुळशीपुढे यायचे, डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे आणि मग पोह्यांवर तुटून पडायचे. गोडे पोहे, तिखट पोहे, ताकातले पोहे, सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. शहरातल्या फराळाच्या ताटाला नावे ठेवायची नाहीत. पण चकली-करंजीवर दिवाळी भागवणाऱ्यांची मला मनापासून दया येते.

पोहे झाल्यावर काकी म्हणाली, "चल, तुका घर दाखयतंय."

मी त्या घरात जन्मलो. तरी तिने मला एखाद्या गिऱ्हाइकासारखे घर दाखवले. माजघरात कौलांतून उजेडाचे कवडसे पडत होते. तिथे पावसाळ्यात कुठे कुठे घमेली ठेवावी लागतात, ते तिने काठीने दाखवले. मागचा गडगा पडलेला. विहिरीचा रहाट मोडलेला. माडांवर चढायला पाडेली मिळत नाही, म्हणून नारळ आपोआप पडतात आणि ती डोक्यावर टोपली धरून परसात जाते. हे सांगताना ती हसली. मी बोरिवलीकराचा निरोप सांगितला. म्हणालो, "काकी, त्याला वाटते, घराचे घरपण जाईल."

"तुम्ही चार दिवस येतास, समुद्र बघतास नि जातास," काकी म्हणाली. "बाकीचे तीनशे एकसष्ट दिवस पाचोळो कोण झाडता, ता कोणी इचारल्यान? रात्री पडवीत कोणाचा तरी बोलणा आयकाक येयत, म्हणान सांगतंय. पैशांसाठी न्हय."

शेजारची सून मागून आली होती. चुणचुणीत मुलगी. तिने सरकारच्या निवास-न्याहारी योजनेचे कागद आणले होते, न्हाणीघरांचा नकाशा वहीच्या पानावर काढला होता, आणि काकीचे स्वयंपाकघर, देवघर व विहीर यांना हात लावणार नाही, असे स्वतःहून लिहून दिले होते. काकीला रोज संध्याकाळी गरम भात मिळेल, हेही त्यात होते. आमच्या तिघांपैकी कोणाला हे कलम सुचले नसते.

तिसऱ्या दिवशी किल्ल्यात गेलो. होडीत बसलेल्या पुण्याच्या एका कुटुंबाला मी न विचारताच माहिती दिली, की शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर १६६४ साली याचा पाया घातला. चोहीकडे खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही विहिरींचे पाणी गोडे आहे. आणि शिवराजेश्वराचे मंदिर राजाराम महाराजांनी बांधले. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत बारा किल्ल्यांमध्ये याचे नाव आले, तेव्हा मी दादरला पेढे वाटले होते, जणू एक बुरूज माझ्याही आजोबांनी रचला होता! त्या कुटुंबातल्या बाईंनी विचारले, "इथे घरगुती राहायला कुठे मिळेल हो? हॉटेल नको, घर हवे." मी क्षणभर थांबलो आणि म्हणालो, "या दिवाळीला नाही, पण पुढल्या खेपेस मिळेल." पत्ताही सांगितला.

पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी निघाली. सारे मालवण रस्त्यावर, दारोदारी रांगोळ्या आणि पणत्या. काकीला पायरीवर खुर्ची दिली होती. शेजारची सून तिच्या मागे उभी राहून तिच्या कानात, कोण कोण चालले आहे, ते सांगत होती. काकीला हल्ली लांबचे दिसत नाही, हे मला त्या वेळी कळले. पालखी गेल्यावर घरी येऊन मी सही केली.

पुणेकराने फार खळखळ न करता सही पाठवली. बोरिवलीकर अडून होता. गणपतीनंतर एका रविवारी येऊन त्यानेही सही केली, पण अट घातली: या दिवाळीला आपण बायकामुलांसह चार दिवस जाणार आणि समुद्राकडच्या पुढच्या खोलीत उतरणार. मी लगेच काकीला फोन लावून त्याचे म्हणणे सांगितले.

"तेका सांग," काकी म्हणाली, "खोली रिकामी आसली तर गावतली. आधी फोन करूक व्हयो."