वाडींतलें जुनें यंत्र

जुनी वस्तु विकत घेणारा मनुष्य त्या वस्तूपेक्षां स्वतःच्या शहाणपणावरच अधिक खूष असतो. आम्हीही होतों.

3 जून 2020 रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां श्रीवर्धन-दिवेआगर भागांतील इतर वाड्यांप्रमाणें आमच्याही वाडीची दैना झाली. नारळी-पोफळी किती पडल्या याची मोजदाद कोणीं केली नाहीं. परंतु आजोबांच्या हातचीं आंब्याचीं दोन झाडें उलथलीं, त्या दिवशीं घरांत कोणी धड जेवलें नाहीं. नारळाचे सोट कापून हलविले. फांद्यांचे ढीग मात्र पावसाळाभर तसेच पडून राहिले. जाळावे तर उभ्या पोफळींना झळ लागते, कुजूं द्यावे तर वाट अडते आणि कुजक्या ढिगांत गेंड्या भुंग्याची वीण वाढते. तेव्हां फांद्यांच्या ढलप्या करणारा चिपर घ्यावा असें ठरलें. आणि नवा परवडणारा नसल्यामुळें, जुना.

दिवाळीनंतर दादा व आम्ही पुण्याकडील एका ठेकेदाराकडे गेलों. दोन चाकांच्या गाड्यावर बसविलेलें डिझेलचें यंत्र, ताजा पिवळा रंग, किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी! दादांनीं झांकण उघडवून आंतलें जड चक्र दोन्ही हातांनीं हलवून पाहिलें. तें लटपटत नव्हतें. बेअरिंग शाबूद आहे एवढें त्यावरून खरोखरच कळलें. परंतु पात्यांच्या धारा आम्हीं पाहिल्या नाहींत. इंजिन एका झटक्यांत चालूं झालें याचा आम्हांस कोण आनंद! आम्ही पोहोंचण्यापूर्वींच तें तापवून ठेवलें होतें, हें पहिल्या थंडीच्या सकाळीं उमगलें.

यंत्र दारीं आलें तेव्हां काकूंनीं त्यावर हळदकुंकू वाहिलें आणि त्याच्या तोंडावरचा लाल दांडा निरखून विचारलें, "अरे, हा तारेनें कां बांधला आहे?"

"काकू, त्याला जरा धक्का लागला कीं फांदी ओढणारे रूळ थांबतात," दादा म्हणाले. "सारखा खोळंबा होतो, म्हणून आधींच्या माणसानें बांधला असेल."

"मग तो थांबविण्यासाठींच असेल ना? सोडा ती तार."

आम्ही हंसलों. पण काकूंची आज्ञा; तार सोडली.

पहिल्याच दिवशीं ढलप्यांऐवजी भुगा आणि काथ्यासारखे धागे बाहेर पडूं लागले, व यंत्र हिंवताप भरल्यासारखें कांपूं लागलें. फिरत्या दोन पात्यांपैकीं एकच कोणीं तरी हातानें घासलें होतें, त्यामुळें दोघांचें वजन व धार निराळी झाली होती. फिरतें पातें व खालचें न हलणारें पातें यांमध्यें एक-दोन मिलिमीटरच फट असावी. आमच्या यंत्रांत पेन्सिल शिरत होती. दोन्ही पातीं एकाच कारागिराकडून सारखीं घासून आणलीं, त्यांचे बोल्ट नवे घातले (ताणलेला बोल्ट पुन्हां वापरणें म्हणजे संकटास आमंत्रण), आणि खालच्या पात्याची न झिजलेली कड वर केली. हिशेब मांडला तेव्हां स्वस्ताईचा निम्मा आनंद ओसरला होता. असो.

लाल दांडा मात्र खरोखरच त्रास देई. कंबर टेकली कीं रूळ थांबत. पुतण्या दोनदां तार शोधीत फिरला. ती काकूंनीं कोठें ठेवली होती कोण जाणे.

मार्गशीर्षांतली ती दुपार आम्ही विसरणार नाहीं. आंब्याच्या फांद्यांची मोळी सुंभानें बांधलेली होती. ती सोडण्याचा आळस करून पुतण्यानें तशीच आंत लोटली. रुळांनीं फांद्यांबरोबर सुंभही ओढलें, आणि त्याचा फास मनगटाभोंवतीं आवळला. आम्ही चार हातांवर होतों. पण पाय उचललाच नाहीं. पोरानें सारें अंग त्या दांड्यावर झोंकलें. रूळ थांबले. पंजा त्यांच्यापासून वीतभरही दूर नव्हता.

दादांनीं इंजिन बंद केलें. तरीही आंतलें चक्र पुष्कळ वेळ घरघरत राहिलें. तें अगदीं थांबेपर्यंत कोणी बोललें नाहीं. मग कोयत्यानें सुंभ कापलें.

काकूंस सांगावयाचें नाहीं असें ठरलें होतें. रात्रीं वाढतांना त्यांना मनगटावरचा वळ दिसला. त्या आंत गेल्या, हळद-तेल आणून लावलें, आणि न विचारतां पुतण्याच्या पानांत आणखी भात वाढला.

आतां मोळी सोडल्याशिवाय यंत्रापाशीं कोणी जात नाहीं. झावळ्या गुंडाळतात, म्हणून एकेक झावळी लांकडांच्या मध्यें देतों. ढलप्या पोफळींच्या बुंध्यापासून थोड्या दूर, मातीवरच पसरतों. ओल्या ढलप्या मातींत मिसळल्या तर कुजतांना जमिनींतला नत्र खातात. दर आठवड्यास बेअरिंगला ग्रीस घालतों. खारा वारा लोखंडाला सोडीत नाहीं, म्हणून पावसाळ्यापूर्वीं पातीं काढून तेलाच्या फडक्यांत गुंडाळतों व काकूंच्या फडताळांत, लोणच्याच्या बरण्यांशेजारीं ठेवतों. घरांत तेवढीच एक जागा कोरडी आहे.