बोर्ड बदलण्याआधी

सोमवार, ९ जून २०२५

रात्री विजांसकट पाऊस झाला की सकाळी दुकानाच्या पायरीवर सीपीयू वाट बघत असतात. वीज नेहमी मीटरकडूनच येते असं लोकांना वाटतं. पुष्कळदा ती इंटरनेटच्या वायरीतून येते, लॅन पोर्ट जाळते आणि तिथून बोर्डात शिरते. विश्रामबागेतल्या कर सल्लागारांचं मशीन तसंच गेलंय. पोर्टशेजारची चिप तडकलेली, नखाने खरवडली तर काळी भुकटी निघाली. एसएमपीएस चांगला, रॅम चांगली, एसएसडी चांगली. बोर्ड मात्र मेला.

साहेब म्हणाले, "ताई, नवा बोर्ड टाका आणि संध्याकाळी द्या. डिस्क तर शाबूत आहे ना?"

डिस्क शाबूत आहे, पण त्यांच्या विंडोजचा परवाना डिस्कमध्ये नव्हता. हे समजावून सांगण्यात सकाळ गेली. ब्रँडेड मशीनबरोबर येतं ते ओईएम विंडोज. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, तेव्हापासून मोठ्या कंपन्या पंचवीस अक्षरांची की स्टिकरवर छापत नाहीत. कारखान्यातच ती बोर्डावरच्या बायोस चिपमध्ये लिहिली जाते. विंडोज टाकताना सेटअप ती आपणहून वाचून घेतो. 'की विचारलीच नाही, म्हणजे फुकटच असणार' असं गिऱ्हाईक म्हणतं ते त्यामुळे. बोर्ड गेला की त्याच्याबरोबर कीसुद्धा गेली.

ओईएम परवाना ज्या मशीनबरोबर आला, त्याच्याबरोबरच संपतो; आणि या हिशेबात मशीन म्हणजे बोर्ड. रॅम वाढवा, डिस्क बदला, ग्राफिक कार्ड घाला, परवान्याला धक्का लागत नाही. बिघडलेला बोर्ड बदलायचा तर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा, किंवा वॉरंटीत कंपनीने तोडीचा म्हणून दिलेला बोर्ड चालतो. बाजारातला दुसरा कुठलाही बसवला की नियमाच्या लेखी ते नवं मशीन झालं आणि नवा परवाना घ्यावा लागतो. साहेबांना मशीन विकताना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. बिलावर नुसतं 'विथ विंडोज' एवढंच.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या व्यापाऱ्याला मॉडेल नंबरचा फोटो पाठवलाय, तसाच बोर्ड मिळतो का बघायला.

मंगळवार, १० जून

वटपौर्णिमा. दुपारपर्यंत गिऱ्हाईक नाही. साहेबांचे मात्र फोनवर फोन. उद्या ११ तारीख, जीएसटीआर-१ भरायची मुदत, आणि सगळी टॅली त्या मशीनवर. डेटा एसएसडीतून काढून त्यांच्या लॅपटॉपवर घेतला, त्याला काही वेळ लागला नाही. अडलं ते टॅलीच्या लायसन्सपाशी. मशीन चालू असतं तर जुन्यावर लायसन्स सरेंडर करायचं आणि नव्यावर ॲक्टिव्हेट करायचं, चहा निवायच्या आत होणारं काम. मेलेल्या मशीनवरून सरेंडर करणार कोण? मग सगळी मदार सिरीयल नंबरवर आणि नोंदवलेल्या ईमेलवर. तो ईमेल निघाला त्यांच्या जुन्या अकाउंटंटचा, जो नोकरी सोडून पुण्याला गेलाय. मुलगा भला, फोन केल्यावर लगेच मेल उघडून कोड सांगितला. भांडून गेलेला असता तर?

लायसन्स मालकाच्या नावाचं आणि ईमेल नोकराचा, हे मला गावातल्या किती दुकानांत दिसतं. तो ईमेल म्हणजे दुकानाची किल्ली आहे. ती मालकाच्याच खिशात पाहिजे.

बुधवार, ११ जून

शटर ओढल्यावर जुन्या वह्या चाळत बसले. एक्सपीच्या काळातल्या पानांवर आकड्यांचे गठ्ठे लिहिलेत. ऑक्टोबर २००१ मध्ये एक्सपी बाजारात आलं आणि घरगुती विंडोजला ॲक्टिव्हेशन लागलं. तीस दिवसांत केलं नाही तर मशीन आत घेत नसे. नेट नसेल तर फोन. पडद्यावरचे पन्नास आकडे वाचून दाखवायचे, पलीकडून बेचाळीस आकडे मिळायचे, ते सहा-सहाच्या सात गटांत भरायचे. एक आकडा चुकला की पहिल्यापासून.

त्या वेळी मशीन कसं ओळखलं जायचं, ते मला अजूनही सुंदर वाटतं. ग्राफिक कार्ड, नेटवर्क कार्ड, हार्ड डिस्क, तिच्या पार्टिशनचा क्रमांक, सीडी ड्राइव्ह, प्रोसेसर, रॅम अशा दहाएक गोष्टींची नोंद व्हायची आणि प्रत्येकीचं एक मत. नेटवर्क कार्ड तेच असेल तर त्याची तीन मतं. सात मतं 'तेच मशीन' अशी पडली की काही विचारणा नाही. रॅम तर नेमकी किती हे न बघता कुठल्या टप्प्यात आहे एवढंच बघायचे. एक्सपी बाजारात येण्याआधीच, जुलै २००१ मध्ये, बर्लिनच्या एका छोट्या कंपनीने ही सगळी रचना उलगडून जाहीर केली. त्यात कळलं की प्रत्येक भागाचे जेमतेम काही बिटच नोंदले जातात: नेटवर्क कार्डाचे दहा, रॅमचे तीन. तेवढ्यावरून तुमच्या घरात कुठलं कार्ड आहे हे कुणालाही शोधून काढता येणार नाही. ओळख पटण्यापुरतंच जाणून घ्यायचं, जास्तीचं नाही, हा विचार त्यात होता. आज कुठलंही ॲप उघडलं की ते काय काय मागतं ते बघते तेव्हा मला त्या तीन बिटांची आठवण येते.

मतं मोजायची ती पद्धत मला आजही जास्त न्याय्य वाटते. दहा वर्षं एकेक भाग बदलत वापरलेलं मशीन मालकाच्या दृष्टीने तेच असतं.

शुक्रवार, १३ जून

लग्नपत्रिका छापणारे काका आले. येताना पिशवीत रुमालात गुंडाळलेलं श्री-लिपीचं लॉक. प्रिंटरच्या रुंद पोर्टला मागून लावायचं, आगपेटीएवढं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी काय किंवा सी-डॅकचं आयएसएम काय, मराठी डीटीपीवाल्यांची पिढीच्या पिढी या लॉकवर वाढली. इथे परवाना बोर्डात नसतो, नेटवरच्या कुठल्या खात्यातही नसतो. तो तुमच्या हातातल्या वस्तूत असतो. लॉक काढलं, दुसऱ्या मशीनला लावलं, काम सुरू. कुणाला फोन नाही, कुणाची परवानगी नाही. हरवलं तर मात्र परवानाच हरवला, म्हणून तो रुमाल.

काकांची अडचण वेगळी. नव्या बोर्डांना ते पोर्टच नसतं. यूएसबीचं कन्व्हर्टर दोनशे-तीनशे रुपयांत मिळतं, पण ते प्रिंटरपुरतं. लॉकला जी थेट बोलणी करायची असतात ती त्यातून होत नाहीत. युनिकोडकडे वळा म्हणावं, तर वीस वर्षांच्या पत्रिकांच्या फायली जुन्या फॉन्टमध्ये. गावातल्या प्रत्येक घराण्याची नावं, आमंत्रकांचे क्रम, कुलदैवतं त्यात. नवी पत्रिका करताना ते जुनीच उघडून बदलतात. त्यांचं जुनं एक्सपीचं मशीन मी नेटपासून तोडून, धूळ काढून, बॅटरीचा सेल बदलून परत दिलं. ते चालू ठेवणं मला माझं काम वाटतं. शिवाय फायली हळूहळू युनिकोडमध्ये आणायला त्यांच्या नातवाला बसवायचं ठरलं.

सोमवार, १६ जून

आज शाळा उघडल्या, रस्ताभर रेनकोट.

वालचंद कॉलेजच्या एका मुलीचं असेंबल मशीन. नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, डिस्क जुनीच. तिच्याकडे रिटेल विंडोज होतं, वडिलांनी बिल जपून ठेवलेलं. रिटेल परवाना मशीनला बांधलेला नसतो. जुन्यावरून काढून नव्यावर नेता येतो, एका वेळी एकावर. २०१५ च्या विंडोज १० पासून डिजिटल परवाना आला आणि २०१६ च्या ऑगस्टमधल्या अपडेटपासून तो आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडता येतो. जोडलेला असेल तर बोर्ड बदलल्यावर ट्रबलशूटरमध्ये 'या मशीनचं हार्डवेअर नुकतंच बदललं' हे निवडायचं, खात्यात शिरायचं, यादीतून जुन्या मशीनचं नाव दाखवायचं, झालं. दोन अटी: आवृत्ती तीच हवी, होम ते होम, प्रो ते प्रो, आणि हे कितीही वेळा चालत नाही.

पण जुना बोर्ड खोलण्याआधी मी तिला विचारलं, "बिटलॉकरची की कुठे आहे?" तिला शब्दच नवा. मशीन चालू करून बघितलं तर डिस्क कुलूपबंद. कुलपाची चावी बोर्डावरच्या टीपीएममध्ये असते. बोर्ड बदलला की नवा टीपीएम त्या डिस्कला ओळखत नाही आणि निळ्या पडद्यावर अठ्ठेचाळीस आकडे मागितले जातात. ते नसतील तर डिस्कमधलं सगळं गेलं. जगातला कुठलाही दुरुस्तीवाला ते परत आणू शकत नाही. नव्या विंडोज ११ मध्ये खात्यातून शिरून सेटअप केला तर पुष्कळ मशीनवर हे कुलूप आपोआप लागतं, मालकाला पत्ताही नसतो. परवाना गेला तर पैसे जातात. ही की गेली तर तिचा फायनल इयरचा प्रोजेक्ट गेला असता, आजीचे फोटो गेले असते. तिच्या खात्यात की सापडली. ती दोन कागदांवर लिहून घेतली, कुलूप तात्पुरतं थांबवलं आणि मगच स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला.

बोर्डाचं काम असलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पावती करतानाच हा प्रश्न विचारायचा, असं मदतनीस पोराला बजावलंय.

बुधवार, १८ जून

नव्याने सुरू झालेल्या क्लासच्या सरांचं मशीन. पडद्याच्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' ही पुसट अक्षरं. कुठून तरी ऑनलाइन साडेतीनशे रुपयांना की घेतली होती. सहा महिने चाललं, मग बंद. विक्रेता आता फोन उचलत नाही.

त्यांच्यासमोरच रन उघडून एसएलएमजीआर, तिरकी रेघ, डीएलआय एवढं टाइप केलं. छोटी खिडकी येते, तिच्यात परवान्याची जात लिहिलेली असते: रिटेल, ओईएम किंवा व्हॉल्यूम. इथे व्हॉल्यूम, केएमएस. हा प्रकार मोठ्या संस्थांसाठी असतो. संस्थेच्या आतला एक सर्व्हर बाकीच्यांना मान्यता देतो, तीही निदान पंचवीस मशीन मागायला आली तरच. आणि प्रत्येक मशीनने एकशे ऐंशी दिवसांत त्याला पुन्हा भेटायचं असतं. सरांच्या दोन खोल्यांच्या क्लासमध्ये हा परवाना कायद्याने असूच शकत नव्हता. त्यांनी पैसे दिले आणि मिळाले नुसते आकडे.

सर प्रामाणिक माणूस आहेत. "चोरीचं नको म्हणून तर विकत घेतलं," असं म्हणाले तेव्हा मला फार वाईट वाटलं. अशा विक्रेत्यांचा मला मनापासून राग येतो, कारण ते नेमक्या प्रामाणिक माणसालाच गाठतात. ज्याला चोरीचंच चालतं तो पैसे देतच नाही.

शनिवार, २१ जून

मुंबईहून बोर्ड आला. तोच मॉडेल नंबर, तीच रिव्हिजन. थर्मल पेस्ट लावली, एसएसडी जोडली, विंडोज पहिल्या झटक्यात ॲक्टिव्ह. साहेब न्यायला आले ते निवांत बसले. रिटर्नचं काम वेळेत झालंय.

त्यांना मी परवान्याच्या जाती सांगितल्या होत्या, तर आज त्यांनी मला कायदा सांगितला. २ मार्च २०२१ ला सुप्रीम कोर्टाने इंजिनिअरिंग ॲनालिसिस खटल्यात ठरवलं की परदेशी कंपनीचं तयार सॉफ्टवेअर वापरण्यासाठी दिलेले पैसे म्हणजे रॉयल्टी नव्हे. वापरणाऱ्याकडे कॉपीराइट येतच नाही, त्याला प्रत मिळते. त्याआधी २००४ मध्ये टीसीएसच्या खटल्यात कोर्टाने तयार सॉफ्टवेअरला माल म्हटलं होतं. म्हणजे विक्रीकराच्या वेळी तो माल. मग माल घेणाऱ्याने दुसऱ्या मशीनवर नेला तर? साहेब म्हणाले, तिथे परवान्याची अट आडवी येते. जर्मनीत सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जुलै २००० मध्येच सांगितलं होतं की ओईएम प्रत मशीनशिवाय विकायला बंदी घालता येत नाही, आणि युरोपीय न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये वापरलेले परवाने पुन्हा विकायला वाट मोकळी केली. आपल्याकडे कुणी कोर्टाची पायरी चढेल तेव्हा चढेल. माझं म्हणणं साधं आहे: पैसे घेतले असतील तर काय विकलं ते विकतानाच घेणाऱ्याच्या भाषेत सांगावं.

छापखान्यात नवी बिलबुकं टाकायची होतीच. त्यात दोन रकाने वाढवले. पहिला, 'विंडोजचा परवाना: ओईएम (या बोर्डापुरता) / रिटेल (दुसऱ्या मशीनवर नेता येतो)'. दुसरा, 'कुठल्या ईमेलवर नोंदवला', आणि त्याखाली मालकाच्या सहीची जागा. काका म्हणाले, सोमवारी प्रूफ देतो, श्री-लिपीतच.