तरटी नाक्याचं पान

सोलापूरचा इतिहास आम्हाला तोंडपाठ आहे. १८६० साली रेल्वे आली, १८७७ साली जुनी मिल उभी राहिली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. १९३० चा मार्शल लॉ, १९३१ साली फासावर गेलेले चार हुतात्मे. या इतिहासात तरटी नाका, म्हणजे शहरातली वेश्यावस्ती, कुठेच येत नाही. लहानपणी घरात त्या रस्त्याचं नावसुद्धा कोणी घेत नसे.

पण घरदार गावी ठेवून आलेले पुरुष ज्या रेल्वेने आणि गिरण्यांनी या शहरात जमवले, त्याच शहरात बायाही आल्या. कोणी दुष्काळाने, कोणी नवऱ्याने टाकल्याने, कोणी फसवून आणलेली. कर्नाटकाची हद्द जवळ. यल्लम्मा देवीला देवदासी म्हणून सोडलेल्या मुलीही अशाच शहरांच्या वाटेला लागल्या. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा झाला, तरी मुली सोडणं चालूच राहिलं.

सरकारनं या बायांकडे कसं पाहिलं? १८६८ चा सांसर्गिक रोग कायदा झाला तो गोऱ्या शिपायांना रोग होऊ नयेत म्हणून. सक्तीची तपासणी मात्र बाईची. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यानं देहविक्रय हा स्वतंत्र गुन्हा ठरवला नाही, तरी रेड पडली की गिऱ्हाईक बहुधा सुटतं आणि बाईची रवानगी सुधारगृहात होते. तिची इच्छा क्वचितच कोणी विचारतं.

मग बायाच बोलू लागल्या. सांगलीत १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. सोलापुरात क्रांती महिला संघ काम करू लागला. एड्सच्या काळात ज्यांना रोगाचं मूळ म्हटलं गेलं, त्यांनीच निरोध वाटले, एकमेकींना दवाखान्यात नेलं. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या सन्मानाच्या हक्कावर शिक्कामोर्तब केलं. आई या धंद्यात आहे एवढ्याच कारणानं मूल तिच्यापासून तोडू नये, असंही बजावलं.

न्यायालयानं मान्य केलेलं शहरानं अजून मनावर घेतलेलं नाही. गिरणी कामगारांच्या आठवणी आपण आस्थेनं ऐकतो. तितक्याच आस्थेनं अभ्यासकांनी तरटी नाक्यावरच्या वयस्क बायांपाशी बसावं, त्यांची संमती घेऊन, हवं तर नाव झाकून, त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावं. हे आत्ताच व्हायला हवं. त्या गेल्यावर त्यांचा इतिहास फक्त पोलिसांच्या पंचनाम्यात उरेल, आणि तो खरा नसेल.