'वेल' आणि 'बरे'

स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे असा चिटणीसांचा निरोप आला, तेव्हा गणेशोत्सवाविषयी किंवा आपल्या पूर्वजांच्या कष्टांविषयी लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु त्या विषयांवर मजहून अधिकारी मंडळी दरवर्षी लिहितातच. मी पडलो इंग्रजी शिकविणारा मास्तर. तेव्हा एका इंग्रजी शब्दाविषयीच चार गोष्टी सांगाव्या असे ठरविले. शब्द अगदी साधा आहे. मॉरिशसमधल्या आपल्या मुलांना तो शाळेच्या पहिल्या वर्षापासून येतो. तो शब्द म्हणजे 'वेल'. मराठी कानाला त्यात मांडवावर चढणारी वेल ऐकू येते. तिचा येथे काही संबंध नाही.

या शब्दाकडे माझे लक्ष वेधले ते एका विद्यार्थ्याने, आणि तेही आपल्या बेटापासून फार दूर. काही वर्षांपूर्वी सौदी अरेबियातील हफ्र अल बातिन या गावी एका खाजगी शाळेत दोन वर्षे इंग्रजी शिकविण्याचा योग मला आला होता. हे गाव त्या देशाच्या ईशान्य भागात आहे; कुवेत आणि इराक यांच्या सीमा तेथून फार दूर नाहीत. 'बातिन' हे तेथील एका लांबलचक कोरड्या दरीचे नाव. 'हफ्र' म्हणजे खणणे, किंवा खणलेला खड्डा. बसऱ्याहून मक्केस जाणाऱ्या यात्रेकरूंना या वाटेवर पाणी मिळेना, म्हणून इस्लामच्या पहिल्या शतकात अबू मूसा अल अशअरी यांनी येथे विहिरी खणविल्या आणि त्यावरून गावाला हे नाव पडले, असे सांगतात. पुढे १९५० साली शेजारच्या कैसूमाहून भूमध्य समुद्रावरील सिदोन बंदरापर्यंत खनिज तेल वाहून नेणारी नळवाहिनी सुरू झाली. आज ती बंद आहे. पण तिच्या कडेने झालेल्या रस्त्यामुळे या भागात वस्ती वाढली. १९९१ च्या आखाती युद्धात परदेशी सैन्यांचे तळ याच परिसरात पडले होते. एकूण काय, पाण्याच्या विहिरी आणि तेलाच्या विहिरी यांच्यामध्ये वसलेले असे हे गाव!

एके दिवशी वर्गात मी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली. एकाचा अर्थ होता 'मी बरा आहे', दुसऱ्याचा 'ही विहीर आहे'. दोन्हींत शब्द एकच, 'वेल'. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, "सर, ज्याच्याजवळ विहीर आहे तो बरा आहे, म्हणून एकच शब्द का?" वाळवंटातल्या मुलाने हे विचारावे यात नवल ते काय? मला ती कल्पना इतकी आवडली, की मी "होय, तसेच असावे" असे बेधडक सांगून मोकळा झालो. शिक्षकाने करू नये ती गोष्ट मी केली.

रात्री कोश उघडला आणि माझी चूक ध्यानात आली. हे दोन शब्द मुळात एक नव्हेतच. विहीर या अर्थाचा 'वेल' हा जुन्या इंग्रजीतील उकळणे, उसळणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला. जुन्या इंग्रजांची 'वेल' म्हणजे खणलेली विहीर नसून जमिनीतून आपोआप उसळणारा झरा होता. इंग्लंडातील वेल्स नावाच्या गावाला तेथील झऱ्यांवरूनच ते नाव पडले आहे. आपल्या संस्कृतातील 'ऊर्मी', म्हणजे लाट, ही या शब्दाची दूरची बहीण लागते. डोळ्यांत पाणी दाटून आले की इंग्रजीत हेच क्रियापद योजतात. तेथे खणण्याचा काहीच संबंध नाही, पाणी आपले आपणच वर येते.

दुसरा 'वेल', म्हणजे बरे, हा इच्छा करणे, निवडणे या अर्थाच्या धातूपासून निघाला. भविष्यकाळाचा 'विल' आणि संपत्तीचा 'वेल्थ' हे त्याच्याच कुळातले. संस्कृतात हा धातू 'वृ' आहे, आणि त्यापासून 'वर' शब्द झाला: देवाने दिलेला वर, मुलीने वरलेला वर, आणि श्रेष्ठ या अर्थाचा वर. येथवर वाचून मी कोश मिटणार होतो. पण मराठीतला 'बरा' कोठून आला, हे पाहावयाची बुद्धी झाली. व्युत्पत्ती सांगणारे पंडित म्हणतात, 'बरा' हा याच 'वर' शब्दापासून आला!

वाचकहो, त्या रात्री मला झालेला आनंद मी आपणांस कसा सांगू? इंग्रजाचा 'वेल' आणि आपला 'बरे' हे नुसते समानार्थी नव्हेत, ते हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेले चुलतभाऊ आहेत. त्यांच्या सवयीदेखील सारख्या. इंग्रज बोलण्यास आरंभ करताना, विषय बदलताना किंवा उत्तर सुचेनासे झाले म्हणजे 'वेल' म्हणतो. आपण तेथे 'बरं' म्हणतो. 'बरं, मग?', 'बरं का', 'बरं, येतो'. येथे प्रकृतीचा प्रश्न कोठे असतो? ही सवय मात्र केवळ एकाच कुळाची नव्हे. फ्रेंच मनुष्य 'ए ब्यें' म्हणतो, आणि माझे अरब विद्यार्थी प्रत्येक वाक्याआधी 'तय्यिब' म्हणत. अर्थ सगळीकडे 'चांगले' हाच. अरबीत विहिरीला 'बिअर' म्हणतात. हे ऐकून 'बरे'शी तिचे नाते जोडण्याचा मोह मला पुन्हा झाला होता. पण एकदा तोंड पोळल्यामुळे मी गप्प राहिलो. नुसत्या आवाजाच्या साम्याने नाते ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात चूक कबूल केली. मुले खट्टू झाली. त्यांना आपल्या मित्राचीच व्युत्पत्ती अधिक पसंत होती, आणि खरे सांगावयाचे तर मलाही.

शाळेच्या टाकीत पाणी भरावयास एक टँकर येई. त्याचा चालक रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्याचा, पन्नाशीचा गृहस्थ. मी मराठी बोलतो हे कळताच त्याने विचारले, "गुरुजी, गाव कुठलं तुमचं?" मी म्हटले, "मॉरिशस." "तसं नाही, मूळ गाव?" आता काय सांगावे? मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेल्या दप्तरांत माझ्या खापरपणजोबांची नोंद आहे. वय, उंची, अंगावरची खूण हे सर्व वाचता येते. जिल्हा रत्नागिरी हेही वाचता येते. गावाचे नाव मात्र शाईच्या फराट्यात बुडाले आहे. १८३४ पासून १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे करारावर आपल्या बेटावर उतरली, त्यांतलेच ते एक. हे ऐकून तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे आपण शेजारीच."

एकदा टाकी भरत असताना तो घरी फोनवर बोलत होता. "हो, मी बरा आहे. पगार? होईल की. तुम्ही सगळी बरी आहात ना?" ज्या ठेकेदाराकडे तो होता, त्याने चार महिन्यांचा पगार दिला नव्हता, हे मला ठाऊक होते. फोन ठेवल्यावर मी काही बोललो नाही. तोही बोलला नाही. पूर्वीच्या मराठी पत्रांत 'येथील क्षेम जाणून आपले क्षेम लिहीत जावे' असे लिहिण्याची रीत होती. माझ्या खापरपणजोबांना लिहिता येत नव्हते. कोणाकडून एखादे पत्र त्यांनी कोकणात धाडले असेल, तर त्यातही उसाच्या मळ्यातले क्षेमच असणार.

मी स्वतः तरी काय करीत होतो? आमच्या घरी सगळे क्रेओल बोलतात, परंतु प्रकृतीची चौकशी आई मराठीतच करते. दर शुक्रवारी मी व्हाकोआला फोन करी. "बरा आहेस ना?" "बरा आहे. तू?" "बरी आहे." त्या हिवाळ्यात मुतखड्याने मी आठ दिवस अंथरुणावर होतो, आणि तीनही वेळा टँकरवाल्या गृहस्थानेच मला दवाखान्यात नेले. आईला मी यातले अक्षरही कळू दिले नाही.

वर्ष संपल्यावर मी परतलो. दार बहिणीने उघडले. आई मागून आली ती काठी टेकीत. तीन महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पडून तिचे मांडीचे हाड मोडले होते. मला न कळविण्याची तिने सर्वांना शपथ घातली होती. मी रागावलो. म्हणालो, "आई, दर शुक्रवारी तू मला बरी आहे म्हणून सांगत होतीस!"

तिने मला नखशिखांत न्याहाळले. माझा सदरा खांद्यावरून ओघळत होता.

"बरं," ती म्हणाली, "आणि तू रे?"