शिशाचे डोळे

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातून वाहणाऱ्या सस्क्वेहाना नदीत स्मॉलमाउथ बास हा शिकारी मासा खडकांच्या आडोशाला दबा धरून असतो आणि बारीक मासळी टप्प्यात येताच तिच्यावर झडप घालतो. त्याला भुलवण्यासाठी बॉब क्लाउझर यांनी १९८०च्या दशकात घडवलेले आमिष ‘क्लाउझर डीप मिनो’ या नावाने ओळखले जाते. गळावर केस किंवा पिसे बांधून पोहणाऱ्या लहान माशाचा भास निर्माण करणाऱ्या अशा आमिषाला फ्लाय फिशिंगमध्ये ‘स्ट्रीमर’ म्हणतात.

शिकंज्यात पकडलेल्या गळाच्या दांडीवर, तोंडापासून थोडे मागे, डंबेलच्या आकाराचे शिशाचे डोळे दोऱ्याच्या आडव्यातिडव्या वेढ्यांनी घट्ट आवळले जातात. त्यांच्या वजनाने गळ पाण्यात उलटा होतो आणि टोक वर राहिल्याने तो तळाच्या खडकांत सहसा अडकत नाही. शिवाय दोर ओढताच आमिष वर उसळते आणि ओढ थांबताच डोके खाली करून बुडू लागते. खवले, कल्ले, पर यांपैकी काहीही न दाखवता घाबरलेल्या मासळीची चाल तेवढी उचलणे, यातच या रचनेची खरी प्रतिभा आहे.

केसांचे काम मात्र फार नाजूक असते. हरणाच्या शेपटीचे लांब केस कातडीलगत कापून, टोकांशी चिमटीत धरून, बुडाशी दडलेली आखूड लव विंचरून काढावी लागते. टोके एका रेषेत आणायची नसतात, कारण त्यांच्या कमीजास्त लांबीमुळेच शरीर शेपटीकडे आपोआप निमुळते होत जाते. पांढरे केस आधी बांधले जातात, मग गळ उलटा करून चकाकत्या तंतूंच्या जोडीने पोपटी केस बसवले जातात, आणि पाण्यात उतरल्यावर खऱ्या मासळीप्रमाणेच फिकट पोट खाली व गडद पाठ वर येते.

दाट केसांचा झुपका हातात भरीव आणि देखणा वाटतो, पण पाण्यात तो ताठरतो व सावकाश बुडतो. विरळ केसांतून मात्र पाणी आणि प्रकाश दोन्ही आरपार जातात आणि आमिष जिवंत भासते. म्हणून नवशिक्याने चिमटीत आलेल्या केसांपैकी निम्मे खुशाल बाजूला ठेवावेत.